१८ अंशांचा आग्रह आणि आपली प्रतिक्रिया

महोदय,

सर्व्हर रूमच्या तापमानावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "पुस्तके वाचून सर्व्हर रूम चालत नाहीत. आम्ही एसी १८ वर ठेवतो, आजवर एकही मशीन गेलेले नाही. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत हाच गारवा तारतो. आणि दवबिंदू न देता आर्द्रतेची नुसती टक्केवारी देणे म्हणजे अर्धवट ज्ञान." शेवटचे आधी निकालात काढतो. तक्त्यात दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याचा, रकाना असता तर बरे झाले असते, हे मान्य. तो आता घातला आहे. मात्र २४ अंश आणि ५० टक्के हे दोन्ही आकडे लेखात शेजारी शेजारी होते, आणि त्यांवरून दवबिंदू १३ अंशांच्या जवळपास येतो हे आपल्यासारख्या जाणकाराला सहज काढता आले असते. तेवढ्यासाठी 'अर्धवट' म्हणण्याची गरज नव्हती.

आता पहिल्या वाक्याविषयी. ज्यांना आपण पुस्तके म्हणता ती अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे ज्या समितीने तयार केली, तिच्यात सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते बसतात. २००४ मध्ये त्यांनी २० ते २५ अंशांची शिफारस केली आणि २००८ मध्ये ती १८ ते २७ अशी रुंद केली. २७ च्या वर सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात आणि एसीवर वाचवलेली वीज तिकडे खर्च होऊ लागते, म्हणून वरची मर्यादा तिथे आहे. यातला प्रत्येक आकडा सर्व्हरच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेचा आहे. खोलीचा नाही आणि भिंतीवरच्या रिमोटचा तर नाहीच. आपले १८ यांपैकी कुठले, ते आपण लिहिलेले नाही.

आणि अनुभवच काढायचा असेल, तर माझी नोकरी सुरू झाली ती खाडीलगतच्या एका बँकेच्या सर्व्हर रूममध्ये. तिथेही सेटिंग १८ चेच होते, आणि त्याचा साहेबांना अभिमान होता. रॅकच्या तळाशी थर्मामीटर धरला की १७ दाखवी आणि त्याच रॅकच्या सर्वांत वरच्या सर्व्हरसमोर धरला की २९, कारण रॅकमधल्या रिकाम्या जागा बंद करणारी ब्लँकिंग पॅनेल नव्हती आणि मागची गरम हवा वरून फिरून पुन्हा पुढे येत होती. खोलीत दोन पीएसी, म्हणजे तापमानाबरोबर आर्द्रताही सांभाळणारे खास एसी, होते. त्यांचे सेन्सर एकमेकांशी जुळत नसल्यामुळे एक हवा कोरडी करून नळीवाटे पाणी बाहेर टाकत होता, तर दुसरा त्याच वेळी ह्युमिडिफायरच्या बाटलीत पाणी उकळून खोलीत वाफ सोडत होता. ती बाटली उघडून आतल्या इलेक्ट्रोडवरचा पांढरा थर मी स्वतः खरवडला आहे. हे कोणत्याही पुस्तकात वाचून लिहिलेले नाही, आणि ज्यांना ते तसे वाटते त्यांनी एकदा रेझ्ड फ्लोअरची, म्हणजे खाली पोकळी ठेवून बसवलेल्या जमिनीची, फरशी उचलून खाली बघावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

आर्द्रतेच्या बाबतीत तर १८ चा आग्रह उलटतो. २४ अंशांना ५० टक्के आर्द्र असलेली हवा, तिच्यातला बाष्पाचा अंश तेवढाच ठेवून १८ पर्यंत थंड केली, की तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाते. जुलैत मुंबईत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी कुरिअरवाल्यासाठी दार टेकवून ठेवले, तर थंडगार ग्रिलवर पाण्याचे थेंब धरायला फार वेळ लागत नाही. साधा स्प्लिट एसी असेल तर सेटिंग गाठताच कॉम्प्रेसर थांबतो आणि बाष्प काढण्याचे कामही त्याच्याबरोबर थांबते. खाडीच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. ओलाव्याची जोड मिळाली की तो चांदी आणि तांबे खातो. अशा जागी आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये असे अ‍ॅश्रे सांगते, तेही आपल्या मते पुस्तकीच असावे. मी मात्र बोर्डावरचे काळे पडलेले जोड हातात घेऊन पाहिले आहेत.

आपले एकही मशीन गेलेले नाही, याबद्दल अभिनंदन. वीजबिल कोण भरते, हे आपण सांगितले असते तर चर्चा अधिक पूर्ण झाली असती.

जनरेटरचा मुद्दा उरतो. तो बॅकअपचा विषय आहे आणि लेख बॅकअपवर नव्हता, म्हणून त्यात इथे शिरत नाही. शिवाय यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात आणि एसी बंद पडतो, हे मला ठाऊक नाही असे आपण गृहीत का धरलेत, तेही कळले नाही. यापुढे प्रतिक्रिया द्यायची झाल्यास रॅकच्या वरच्या आणि खालच्या सर्व्हरसमोरचे तापमान, आणि दोन्ही ठिकाणचा दवबिंदू, एवढे मोजून लिहावे. त्यावर सविस्तर उत्तर देईन.