जावई, तंबू आणि संकष्टीची भरती

तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा हा निव्वळ आशावाद असतो. 'चार माणसांसाठी' म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, कुशीवर न वळता, सामान बाहेर ठेवून. म्हणून जाणकार लोक दोघांसाठी चौघांचा तंबू घेतात आणि चौघांसाठी सहाजणांचा. आम्ही चौघं, आणि सवलत चौघांच्याच तंबूवर होती.

कॅम्पिंगचे प्रकार पुष्कळ. सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालत जायचं, तो एक. गाडी शेजारी लावून डिकीतून संसार बाहेर काढायचा, तो दुसरा. पलंग, पंखा आणि संडास असलेल्या तंबूत राहून 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं स्टेटस टाकायचं, तो तिसरा आणि सगळ्यात महाग. आम्ही केला तो चौथा: सासुरवाडीपासून हाकेच्या अंतरावर. याच्याइतका खडतर दुसरा नाही.

सासुरवाडी गुहागरच्या बाजूला. पुढे पुळण, मग सुरूचं बन, त्यामागे माड-पोफळीची वाडी आणि वाडीत ऐसपैस घर. "खोल्या आठ आहेत," एवढंच अण्णा, म्हणजे आमचे सासरे, म्हणाले. कोकणात विरोध असाच नोंदवतात. मग काठी घेऊन आमच्या मागोमाग पुळणीवर आले. जावयाचा मान.

पहिला प्रश्न जागेचा. माडाखाली तंबू ठोकायचा नाही, नारळ काही मुहूर्त बघून पडत नाही, इतपत माझी तयारी होती. पण कोरड्या वाळूत खुंटी एका बोटानं आत जाते आणि तितक्याच आनंदानं बाहेर येते. म्हणून पाण्याच्या बाजूला सरकलो. तिथल्या ओल्या, घट्ट वाळूत खुंट्या अशा काही बसल्या की मी त्या उगाचच हलवून बघत राहिलो.

"जागा छान निवडलीत हो," अण्णा म्हणाले. "आज संकष्टी. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला इथे भरती. आंघोळीला लांब जायला नको."

हे गणित इथे पोरासोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. माझ्या मोबाइलमध्ये वाऱ्याचा वेग होता, हवेतली आर्द्रता होती, तिथी तेवढी नव्हती. बायको म्हणाली, "अरे, बाबांना आधीच विचारायचंस ना." हे वाक्य तिनं माहेरची हद्द लागल्यापासून तयार ठेवलेलं असावं.

वाळलेलं शेवाळ, शिंपले आणि थर्माकोलचे तुकडे यांची जी ओळ भरती मागे ठेवते, तिच्या बरंच वर बिऱ्हाड हलवलं. म्हणजे पुन्हा कोरडी वाळू. अण्णांनी काठीनं दोरीच्या आडवा चर आखून दिला. झावळीचा जाड दांडा आणवला, त्याच्या मध्यावर दोरी बांधायला लावली, दांडा हातभर खोल आडवा पुरून वरून वाळू पायानं दाबली. "ओढा आता." मी सगळा जोर लावून ओढलं. दांडा जागचा हलला नाही. मी बसलो.

दोरी बांधायला लावली असं म्हटलं खरं, पण त्यातच अर्धा तास गेला होता. बोलाइन नावाची गाठ मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात शिरतो. माझा ससा झाडाला नको त्या बाजूनं वळसा घालायचा आणि ओढलं की गाठ गायब.

"ससा कशाला, जावईबापू? गाय बांधायचीय असं समजा."

त्यांनी दोरी घेतली, मनगटाला एक हिसडा दिला, गाठ तयार. अगदी तीच. गाईनं कितीही ओढलं तरी दाव्याचा फास बसत नाही आणि सोडताना दोन बोटांत सुटते. मी म्हटलं, जरा सावकाश दाखवा. ते सावकाश करायला गेले आणि अडले. पुन्हा गेले, पुन्हा अडले. हातांना येत होतं, अण्णांना येत नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तंबूला ताण द्यायची गाठ मात्र मला पक्की येते. दोरी खुंटीला वळवून परत आणायची, फासाच्या आत मूळ दोरीला दोन वेढे द्यायचे, बाहेर एक. हातानं सरकवली की सरकते, ताण आला की अडते. नायलॉनची दोरी दंवानं भिजली की सैलावते आणि तंबूचं पोट सुटतं, तेव्हा गाठ वर सरकवायची की झालं. अण्णांनी ती वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "बरी आहे," म्हणाले. लग्नानंतरची पहिली स्तुती.

झुला त्यांनी पोफळीला बांधू दिला नाही ("पोफळ तुमचं वजन मनाला लावून घेईल"), सुरूला बांधायला लावला. स्लीपिंग बॅग शून्य अंशाला चालणारी होती. इथे जानेवारीच्या रात्रीही पारा विशीच्या आसपास. तिच्यात शिरलं की मोदकाला चाळणीत काय वाटत असेल ते समजतं.

चंद्रोदयानंतर सासूबाई खरेच मोदक घेऊन आल्या. आमचा गॅसचा स्टोव्ह वाऱ्यापुढे टिकलाच नव्हता. तेवढ्यात वारा पडला आणि उलटा फिरला. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. शाळेत दोन गुणांना असायचं. तंबूचं दार मी समुद्राकडे ठेवलं होतं. आता वारा वाडीकडून येत होता आणि सोबत वाडीतले डास आणत होता. ते बरोबर वळसा घालून दारातून आत शिरत होते. सशाला जमलं नव्हतं ते.

सगळं सोडून तंबू फिरवावा का, अशा विचारात मी उभा असताना टॉर्च घेऊन एक जोडपं आलं. "काका, टेंट मिळेल का? रेट काय?"

अण्णांनी माझी गाठ एकदा वर सरकवली.

"दोघांचे पंधराशे. मोदक धरून," ते म्हणाले आणि काठी माझ्याकडे वळवली. "रखवालदार रात्रभर बाहेरच असतो."