जॅकचा नट तरी नीट आवळा!

पुन्हा खरखर! गणपतीच्या कार्यक्रमाला दोन दिवस आणि बास गिटारचा आउटपुट जॅक, म्हणजे केबल खुपसायचं सॉकेट, तिसऱ्यांदा गेला. इंदूरच्या दुकानात ठरलेलं उत्तर, "भिया, केबल बदलो." अहो, केबल कालच आणलीय! नट ढिला, म्हणून सॉकेट फिरतं आणि आतली वायर पिळवटून तुटते. खाली दातेरी वॉशर घालायला काय जातं?

गेल्या वेळी तर कहरच. माझा बास ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप, सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट. त्याला तीन टोकांचा स्टिरिओ जॅक लागतो. ९ व्होल्टच्या बॅटरीची काळी वायर तिसऱ्या टोकाला, म्हणजे प्लग घातला तरच प्रीअँप चालू. यांनी दोन टोकांचा मोनो जॅक बसवून ती सरळ ग्राउंडला डागली! बॅटरी रात्रंदिवस चालू, महिनाभरात खलास. आणि डाग कसला, राखाडी गोळा. बोट लावलं, निघाला. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंतसुद्धा धीर नाही?