२०२१ ची जनगणना झालीच नाही, मग नाशिकचा हा आकडा आणला कुठून?

‘नाशिककरांनो, जागे व्हा’ असा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे असे: २०२१ च्या जनगणनेनुसार नाशिक शहर ३० लाखांवर गेलं, त्यातले निम्म्याहून जास्त स्थलांतरित, म्हणजे परप्रांतीय, सरकारने हे आकडे दडवून ठेवलेत, आणि खालच्या लिंकवर कुटुंबाची नोंद केली नाही तर रेशन बंद होईल. माझ्या आत्याने हा मेसेज वाचला आणि अंबडच्या कारखान्यात नुकत्याच लागलेल्या एका बिहारी मुलाला सिडकोतली खोली द्यायचं रद्द केलं. ठरलेला व्यवहार मोडला, त्याचं डिपॉझिट परत केलं. म्हणून हे लिहितेय.

३० लाखांचं आधी. २०२१ ची जनगणना झालेलीच नाही. कोविडमुळे ती पुढे गेली आणि जून २०२५ मध्ये केंद्राने पुढच्या जनगणनेची अधिसूचना काढली. आपल्याकडे तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. न झालेल्या मोजणीचा आकडा कुणाकडे असणार? शेवटची मोजणी २०११ ची. तेव्हा महापालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार आणि जिल्ह्यात ६१ लाख ७ हजार लोक होते. २००१ मध्ये शहराचा आकडा १० लाख ७७ हजार होता. म्हणजे दहा वर्षांत वाढ चार लाखांची. पुढच्या दहा वर्षांत एकदम पंधरा लाख वाढले, हे पुढे ढकलताना एकालाही खटकलं नाही?

२०११ चा आकडा आज जुना झालाय, हे मात्र मान्य करावं लागतं. शहर वाढलंय, ते पाथर्डी फाट्यावर उभं राहिलं तरी दिसतं. पण इंटरनेटवर चालू वर्षाचे म्हणून जे आकडे दिसतात ते अंदाज आहेत, आणि त्यातले काही देवळाली छावणी, भगूर धरून संपूर्ण नागरी समूहाचे असतात. महापालिकेच्या आकड्याशेजारी ते ठेवून ‘बघा किती वाढले’ म्हणायचं नसतं.

आता ज्या मुद्द्याने आत्याने खोली नाकारली तो. जनगणनेत स्थलांतरित कोण, हे दोन प्रश्नांवरून ठरतं: जन्म कुठे झाला आणि याआधी कुठे राहत होता. यात राज्याची हद्द ओलांडायची अटच नाही. येवल्याहून लग्न होऊन नाशिकला आलेली सून स्थलांतरित. चाळीसगावहून बदली होऊन आलेला शिक्षक स्थलांतरित. पेठ-सुरगाण्याहून शहरात राहायला आलेलं कुटुंब स्थलांतरित. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या बाईचं मूल तिकडेच जन्मलं, तर जन्मस्थानाच्या तक्त्यात तेही बाहेरून आलेलं. आत्या स्वतः सिन्नरची. तिचं नावही याच हिशेबात येतं, आणि हा मेसेज तिलाच घाबरवतोय.

२०११ मध्ये देशभरात असे ४५ कोटींहून अधिक लोक मोजले गेले. त्यातले बहुसंख्य आपापल्याच राज्यात हललेले, आणि बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण लग्न. हे सगळं जनगणनेच्या डी मालिकेतल्या तक्त्यांत आहे. डी-०३ उघडा. त्यात याच जिल्ह्यातून आलेले, राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आलेले आणि राज्याबाहेरून आलेले अशा वेगळ्या ओळी आहेत; समोर कारणं: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर आले, कुटुंबासोबत आले. मेसेज लिहिणाऱ्याने या सगळ्या ओळींना मिळून ‘परप्रांतीय’ म्हटलंय. राज्याबाहेरच्यांची ओळ वेगळी छापलेली असताना बेरीजच पुढे करणं ही नजरचूक असू शकत नाही. आणि त्याची किंमत मोजतोय रात्रपाळी करून खोली शोधणारा पोरगा.

आकडे दडवल्याचं म्हणाल, तर सेन्ससइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर २०११ चे तक्ते फुकट आहेत, एक्सेलमध्ये उतरवता येतात. आपल्या गावाचा आकडा हवा असेल तर नाशिकची जिल्हा जनगणना पुस्तिका शोधा. त्यात गावनिहाय लोकसंख्या मिळते. मातृभाषेचा तक्ता सी-१६. साइट किचकट आहे, मोबाइलवर तर वैताग येतो, पण किचकट असणं म्हणजे लपवणं नव्हे.

राहिली लिंक. २०२७ च्या जनगणनेत स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय ठेवलीय, एवढंच त्यात खरं. तिचा रेशनशी संबंध नाही. जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ सांगतं की तुम्ही दिलेली माहिती गोपनीय असते, ती कुणाला पाहायला देता येत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉर्ममध्ये आधार नंबर आणि ओटीपी मागत असतील तर तो फॉर्म जनगणनेचा नाही. कुणी भरून बसलं असेल तर आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त.