तवंग गेला म्हणून विहीर निर्धोक होत नाही

सध्या कोकणात मोबाइलवर फिरणारा एक संदेश सांगतो की पेट्रोल पंपाची टाकी गळून विहिरीत तेल उतरले तरी ते वरच तरंगते. विहीर उपसावी, वास गेला की बाटलीभर पाणी तपासून घ्यावे, बाकीचे पावसाळा धुऊन नेतो.

तेल तरंगते, हे खरे. मात्र पेट्रोलमधील बेंझीनसारखे घटक पाण्यात विरघळून भूजलाबरोबर पुढे सरकतात आणि त्यांचा तवंग दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम सुचवली आहे. त्याचा वास मात्र सुमारे १० मिलिग्रॅमला जाणवतो. म्हणजे एकट्या बेंझीनपुरते बोलायचे तर नाकाला कळेपर्यंत मर्यादा हजारपट ओलांडलेली असते.

उपशाने विहीर रिकामी होते, भोवतालचा जांभा खडक नव्हे. दूषित पाणी पुन्हा झिरपते, आणि परसात ओतलेलेही सच्छिद्र जांभ्यातून खालीच जाते.

बाटलीबद्दल थोडक्यात: हे घटक उडून जाणारे आहेत, त्यामुळे बादलीने काढून प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरलेला नमुना खोटा दिलासा देतो. त्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी बुडबुडा न ठेवता भरतात, आम्ल घालून बर्फात ठेवतात आणि १४ दिवसांच्या आत तपासतात. उघड्या विहिरीऐवजी जाळीदार नळी बसवलेली निरीक्षण विहीर घेऊन, पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) आणि विद्युतवाहकता स्थिरावेपर्यंत सावकाश उपसा करून मगच नमुना घेणे योग्य. भूजल कोणत्या दिशेला वाहते हे ठरवायला अशा किमान तीन विहिरी लागतात.

राहिला पावसाळा, आणि संदेशातला सर्वांत फसवा भाग हाच आहे. उन्हाळ्यात पातळी काही मीटर उतरते तेव्हा तेलही तिच्यासोबत खाली जाते आणि वाटेतल्या भेगांना, पोकळ्यांना चिकटून राहते. जूननंतर पाणी चढले की हा चिकटलेला थर बुडतो, विहिरीतला तवंग पातळ होतो किंवा दिसेनासा होतो, पण बुडालेल्या तेलातून बेंझीन विरघळत राहते आणि मे महिन्यात तवंग पुन्हा उमटू शकतो. म्हणूनच ऑगस्टमधील एकाच स्वच्छ अहवालावर विहीर पिण्यासाठी खुली करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते: नमुने पावसाळ्यापूर्वी, ऐन पावसाळ्यात आणि त्यानंतर, तेही एकाहून अधिक वर्षे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्या दिवशीची पाणीपातळी नोंदलेली नसेल, तर दोन अहवालांची तुलनाच करता येत नाही.