पाण्याची सूचना पुसू नये

पत्रात तीनच अटी होत्या आणि पहिल्या वाचनात त्या तिन्ही मला किरकोळ वाटल्या. गणिताचा वीस मिनिटांचा पाठ चित्रित करून पाठवावा, समोर बारा ते सोळा वर्षांची खरीखुरी मुले बसलेली असावीत, आणि पाठ फळ्यावर खडूने घेतलेला असून चित्रफीत मध्ये कुठेही कापलेली नसावी. अमेरिकेतल्या एका उन्हाळी गणितशाळेत सहा आठवडे शिकवण्यासाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखतीआधी मी फळ्यासमोर कशी उभी राहते, हे त्यांना पाहायचे होते. पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीला वीस मिनिटे बोलता यावे, ही काही अवाजवी अपेक्षा नव्हे. मात्र ठाण्यात, मानपाड्याच्या एका सोसायटीत, ऐन दिवाळीच्या सुट्टीत फळा, मुले आणि शांतता या तीन गोष्टी एकाच वेळी एका जागी आणायच्या, यापेक्षा माझा प्रबंध सोपा आहे, असे मला चार दिवसांत कळून चुकले.

अशा शाळांची तिकडे जुनी परंपरा आहे. अरनॉल्ड रॉस नावाच्या प्राध्यापकांनी १९५७ साली नोट्र डेम विद्यापीठात सुरू केलेला उन्हाळी वर्ग जागा बदलून आजही भरतो आणि साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा, हे त्याचे ब्रीदवाक्य आहे. हुशार, हौशी मुले सुट्टीत आपखुशीने येतात, दिवसभर संख्यांशी झटापट करतात, आणि त्यांच्यासोबत वसतिगृहात राहणे, त्यांची गणिते तपासणे, रात्री अकरा वाजता दार ठोठावून विचारलेल्या शंकांना उत्तरे देणे ही कामे पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे असतात. प्राध्यापकांना उन्हाळ्यात परिषदा असतात, आणि पीएचडीचा विद्यार्थी हा बाराही महिने सवलतीच्या दरात मिळणारा गणिती आहे.

हे सगळे मी आईला समजावले आणि आईने ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना थोडक्यात सांगितले. काकूंचा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे समर स्कूल म्हणजे नापास झालेल्या मुलांना सुट्टीत पुन्हा बसवण्याची सोय, अशी पक्की माहिती त्यांना त्याच्याकडून मिळाली होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती, कारण तिकडे तशाही समर स्कूल असतात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं. माझ्या दिरांचंही बीकॉमला दोनदा राहिलं होतं. पण तुला निदान अमेरिकेत तरी बसवतायत." मी खुलासा करेपर्यंत त्यांचा मजला आला.

फळ्याचे कळले ते असे, की आता ठाण्यात कोणाकडे फळा नाही. शाळा सुट्टीमुळे बंद होत्या, आणि क्लासवाल्यांकडे पांढरे बोर्ड आणि पडदे आले आहेत. खडूने लिहायचा काळा फळा पंचक्रोशीत एकच उरला होता, तो आमच्याच सोसायटीच्या फाटकाशी, ज्यावर पूर्वी सुविचार लिहीत आणि हल्ली पाण्याची सूचना लिहितात. सेक्रेटरी काकांनी तो पार्किंगमध्ये न्यायला एका अटीवर परवानगी दिली. उजव्या बाजूचा मजकूर पुसायचा नाही. तो मजकूर होता, "शुक्रवार सकाळी ९ ते शनिवार सकाळी ९ स्टेमचे पाणी बंद. जपून वापरावे. आदेशावरून, सचिव." चार फूट रुंद फळ्यापैकी दीड फूट या आदेशाने व्यापले होते.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक होता. अर्धी मुले आजोळी गेली होती आणि उरलेली पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करत होती, जो दिवाळी होऊन गेली तरी त्यांच्या मते पूर्ण झालेला नव्हता. घरोघरी उरलेले बेसनाचे लाडू दाखवून पाहिले. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी स्टेशनजवळच्या कुंजविहारचा जंबो वडापाव माणशी एक, असा सौदा ठरला. सहा मुले तयार झाली. त्यांच्यातल्या एकीने चार वर्षांचा धाकटा भाऊ सोबत आणला, कारण त्याला सांभाळण्याच्या बोलीवरच तिला घरातून सोडले होते. किल्ला हलवायचा नाही, ही मुलांची अट. त्यामुळे चित्रफितीच्या डाव्या कोपऱ्यात हळिवाच्या डोंगरावर महाराज सिंहासनाधिष्ठित दिसतात आणि अकरा मावळे अत्यंत लक्षपूर्वक फळ्याकडे पाहत असतात. संपूर्ण पाठात जागचे न हललेले विद्यार्थी तेवढेच.

शांततेबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण ती मिळाली नाही. सहाव्या मजल्यावर फरशी कापणारे एक ते दोन जेवायला जातात, म्हणून दीडची वेळ ठरवली. पहिल्या खेपेला तिसऱ्या मिनिटाला फळ्यामागे उभी असलेली स्कूटर मालकाला हवी झाली. दुसऱ्या खेपेला कोणीतरी उरलेली लवंगी माळ संपवायला घेतली. तिसऱ्या खेपेपर्यंत बातमी पसरून सेक्रेटरी काका, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, एक आजी आणि बी विंगचे गाडीवाले काका प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन मागे येऊन बसले होते. त्यांना उठा म्हणणे मला शक्य नव्हते. फळा सोसायटीचा होता.

विषय मी विचारपूर्वक निवडला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, शाळा शिकले ती ठाण्यात, पुढे फर्ग्युसनला गेले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीला मास्तरकी करत राहिले. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांना सापडलेली ६१७४ ही संख्या १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरातून जगभर पोचवली. खेळ अगदी साधा आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि येईल त्या संख्येवर पुन्हा हेच करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. ठाण्यात शिकलेल्या मास्तरांचे गणित ठाण्यातून अमेरिकेला पाठवायचे, या कल्पनेवर मी स्वतःच खूश होते.

"कोणीही एक चार अंकी संख्या सांगा," मी मुलांकडे पाहून म्हटले.

"नऊ नऊ नऊ नऊ," मागून गाडीवाले काका म्हणाले.

हा त्यांच्या गाडीचा क्रमांक. तो मिळवण्यासाठी आरटीओत त्यांनी किती पैसे मोजले, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे, कारण ते दर गणपतीत सांगतात. चारही अंक सारखे नसावेत, ही अट मी अजून सांगितलेली नव्हती. चार वर्षांच्या भावाखेरीज सर्वांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि पार्किंगमध्ये त्या दुपारची पहिली शांतता पसरली.

"शून्य," आजींनी जाहीर केले.

"शून्य म्हणजे आपलाच शोध," काका बऱ्याच वेळाने म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

अट सांगून मी पुन्हा विचारले. सातवीतल्या एका मुलाने समोरच्या भिंतीवरची पाटी वाचली, "स्थापना २००५." याहून दुर्दैवी निवड होऊ शकत नव्हती, कारण २००५ ला पुऱ्या सात वजाबाक्या लागतात आणि माझ्याकडे फळा अडीच फूट होता. ५२०० वजा २५, आले ५१७५. मग ५९९४, मग ५३५५, मग १९९८. पाचवी वजाबाकी ८०८२ घेऊन "जपून वापरावे"च्या खाली घुसली, तेव्हा सेक्रेटरी काका खुर्चीत पुढे सरकले. सहाव्या ८५३२ साठी मी फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहिले. सातवी "सचिव" या शब्दाच्या खाली, अगदी कोपऱ्यात बसली आणि ६१७४ भोवती मी चौकोन काढला. टाळ्या काकूंनी वाजवल्या. नापास मुलीच्या मानाने मी बरे शिकवले, असे त्यांना वाटले असावे.

मग भावाला मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीने विचारले, "पण ताई, सगळे तिथेच का जातात?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. संख्या कोणतीही असो, पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. पहिला फरक १ ते ९ असू शकतो, दुसरा त्याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, आणि हिशेब केला तर एकूण शक्यता निघतात ५४. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच पायरीला ५४ संख्यांत येऊन पडतात. ते ५४ तपासले की काम झाले. हे सारे मी फळा न वापरता, हातवारे करून सांगितले.

"म्हणजे कारण काही नाहीच," ती म्हणाली. "नुसतं करून बघायचं."

चार वर्षे संशोधन करून जी टोचणी मला नीट शब्दांत मांडता आली नव्हती, ती हिने वडापावाच्या मोबदल्यात मांडली. मी तोंड उघडले आणि मिटले. चित्रफितीत ही अकरा सेकंदे आहेत.

"अगं, त्यात काय," आजी म्हणाल्या. "मानपाड्याहून बस, माजिवड्याहून बस, शेअर रिक्षा शेवटी स्टेशनलाच जाते."

"आणि मी?" गाडीवाल्या काकांनी विचारले.

"तुम्ही कुठे रिक्षाने जाता?"

इथे सहाव्या मजल्यावर यंत्र सुरू झाले आणि वीस मिनिटेही भरली.

मुलाखत रात्री साडेदहाला पडद्यावर झाली. समोर दोन प्राध्यापक आणि माझ्यासारखाच एक पीएचडीवाला. कापरेकरांबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला आणि मग फळ्याची उजवी बाजू मोठी करून, ही कोणती चिन्हे आहेत आणि त्यांचा पाठाशी संबंध काय, असे विचारले. आता, ठाण्याच्या पाण्याचा एक भाग शहाड आणि टेमघर इथल्या व्यवस्थेतून येतो आणि त्या दोन नावांवरून तिला स्टेम म्हणतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आणि तिकडे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या चौकडीला स्टेम म्हणतात, हे त्या क्षणी मला आठवले नाही. मी प्रामाणिकपणे भाषांतर केले. शुक्रवारी सकाळी नऊपासून शनिवारी सकाळी नऊपर्यंत स्टेम बंद राहील.

"कोणाच्या आदेशाने?" थोरल्या प्राध्यापकांनी हळू आवाजात विचारले.

"सोसायटीच्या सचिवांच्या."

"आणि ती मधली ओळ?"

"जपून वापरावे."

त्यांनी काहीतरी टिपून घेतले. माझी निवड झाली, ती कोणत्या कारणाने, हे मी अजूनही विचारलेले नाही.

तिकडचे सहा आठवडे चटकन सांगून होतील. फळे भिंतभर, वर-खाली सरकणारे. खडू हागोरोमोचे, ही जपानी कंपनी २०१५ साली बंद होणार म्हटल्यावर गणितज्ञांनी त्यांचा साठा करून ठेवला होता आणि आता ते कोरियात बनतात. बोटाला पांढरे लागत नाही, लिहिताना आवाज होत नाही, आणि वर्गात कोणी मागून बोलत नाही. तोच पाठ मी पन्नास मिनिटांचा आखून नेला होता. मी नियम सांगितला, चारही अंक सारखे नसावेत हेही वेळेवर सांगितले, आणि एका मुलाने मांडीवरच्या संगणकावर चार ओळी लिहून दहा हजार संख्या तपासून टाकल्या. सातवे मिनिट सुरू होते. उरलेली त्रेचाळीस मिनिटे समोर पडली असताना मला गाडीवाल्या काकांची इतकी आठवण आली, की एरवी कधीही येणार नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणजे कारण काही नाही, फक्त तपासून पाहायचे, असेच ना?

मी तिला शेअर रिक्षा सांगितली. आधी रिक्षा म्हणजे काय ते सांगितले, मग शेअर म्हणजे काय, मग तीन माणसांच्या वाहनात चौथा माणूस चालकाशेजारी अर्धा बाहेर कसा बसतो, हे खुर्ची ओढून दाखवले. दहा मिनिटे त्यातच गेली. मग संगणकवाल्याने पाच अंकी संख्या करून पाहिल्या आणि तिथे एक मुक्कामाची संख्या नाहीच, तीन निरनिराळ्या फेऱ्या आहेत, हे त्याला सापडले. "म्हणजे पाच अंकांच्या गावाला स्टेशन नाही," ती मुलगी म्हणाली, "नुसत्या वर्तुळाकार बस आहेत." मी काहीच बोलले नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नव्हते.

ऑगस्टमध्ये परतले तेव्हा पाऊस होता. फाटकाशी फळा जागच्या जागी होता, त्यावर नवी सूचना होती, आणि तिच्या खाली अगदी कोपऱ्यात ६१७४ चौकोनासह तसेच होते, किंबहुना कोणीतरी त्यावर ताजा खडू फिरवला होता. मी वॉचमनदादांना विचारले.

"पाणी बंदच्या खाली लिहिलं होतं ना," ते म्हणाले. "मला वाटलं, टँकरचा नंबर असेल. नऊ महिने प्रत्येक सूचना त्याला धक्का न लावता लिहितोय. उन्हाळ्यात रोज टँकर येत होते, मी एकेकाची पाटी बघत होतो. हा काही अजून आला नाही."

मग बॅग लिफ्टपर्यंत नेऊन देताना त्यांनी विचारले, "फोन करून बघू का?"