दुसऱ्या भागातील सहा काळ्या पानांविषयी

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या सचित्र अद्भुतकथा-मालिकेच्या दुसऱ्या भागाला आपण एक तारा दिला आणि लिहिले, की पुस्तक बारा दिवस उशिरा पोहोचले, त्याचा कोपरा दुमडलेला होता आणि ‘६४ पानांतली ६ पाने नुसती काळी छापून २४० रुपये उकळले’. उशिराबद्दल आणि कोपऱ्याबद्दल मनापासून क्षमा मागते. पत्ता लिहिताना पिनकोडमधला एक आकडा माझ्याच हातून चुकला आणि पुस्तक लातूरला पोहोचण्याआधी भलत्याच गावी फिरून आले. आपण पुस्तक परत केल्यावर पैसेही त्याच दिवशी आपल्या खात्यावर पाठवले आहेत.

‘उकळले’ या शब्दाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ती सहा पाने या पुस्तकातली सर्वांत महागडी आणि सर्वांत जास्त मेहनतीची पाने आहेत.

गोष्टीत बारा वर्षांची गोदी पैठणहून हरवलेल्या आवाजाच्या मागावर देवगिरीला येते आणि अंधारीत शिरते. आपण दौलताबादचा किल्ला पाहिला असेल, तर अंधारी आठवत असेल. यादवांच्या या राजधानीच्या डोंगराच्या पोटात कोरलेली ती वळणावळणाची वाट शत्रूची दिशा चुकावी आणि तो आतच सापडावा म्हणूनच केलेली आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्हा दोघा भावंडांना तिथे दाखवणाऱ्याने हातातला टेंभा क्षणभर पाठीमागे धरला होता, आणि डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसेना. वरून फक्त वटवाघळांच्या पंखांची फडफड ऐकू येत होती. मुलांच्या पुस्तकात अंधार म्हणून साधारणपणे गडद निळे आकाश आणि त्यावर चांदण्या काढतात. गोदीच्या वाटेला तसला अंधार द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्या भागापूर्वीच ठरवले होते.

ही पाने माझ्या धाकट्या भावाने काढली आहेत. शाळेत मुले करतात तसे त्याने कागदावर आधी तैलखडूचे थर दिले, त्यावर काळा रंग चढवला आणि सुईने तो खरवडून आकृत्या बाहेर काढल्या. एकेका पानाला आठ-आठ दिवस लागले. पहिल्या पानावर टेंभ्याची कड दिसते, दुसऱ्यावर ती विझलेली असते, आणि तिसऱ्या व चौथ्या पानावर काही नाही असे आपल्याला वाटले, तिथे पायऱ्या आहेत. छापताना पायऱ्यांच्या काळ्याखाली निळ्या शाईचा थर आहे आणि भिंतींच्या काळ्याखाली किरमिजी शाईचा, त्यामुळे पान खिडकीपाशी धरून थोडे तिरके केले, की पायऱ्या भिंतीपासून सुट्या होऊन वर चढताना दिसतात. पाचव्यावर वटवाघळाचा पंख आहे आणि सहाव्यावर उजेडाची फट.

नुसत्या काळ्या शाईने मोठा भाग भरला, तर वाळल्यावर तो राखाडी आणि फिकट दिसतो, हे छपाईतले कोणीही सांगेल. खरा काळा हवा असेल, तर त्याखाली दुसरे रंग द्यावे लागतात, शाई जास्त बसते आणि ती वाळायलाही वेळ लागतो. ही सहाही पाने तिसऱ्या फॉर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर मिळून छापल्या जाणाऱ्या पानांच्या तिसऱ्या संचात आहेत. तो फॉर्मा पहिल्यांदा छापला तेव्हा थप्पीतल्या वरच्या कागदाची पाठ खालच्या ओल्या काळ्यावर टेकून डागाळली आणि जवळजवळ दोनशे कागद रद्दीत काढावे लागले. मशीनवरच्या मामांनी दुसऱ्या खेपेला लहान-लहान थप्प्या लावल्या, एक बाजू छापून पूर्ण दिवस थांबले, आणि मगच दुसरी बाजू घेतली. पाने भरण्यासाठी काळे छापले असते, तर हा खर्च आम्ही कशासाठी ओढवून घेतला असता? ती पाने कोरी सोडणे कितीतरी स्वस्त होते.

किमतीबद्दल एवढेच सांगते, की हजार प्रतींच्या आवृत्तीत छपाईच्या प्लेटांचा खर्च हजारांतच वाटला जातो. दहा हजार छापणाऱ्यांशी आमच्या किमतीची तुलना करणे योग्य नाही. आमच्या हजारांतल्या सहाशेहून अधिक प्रती आजही आमच्या पुढच्या खोलीत आहेत. आपला अभिप्राय वाचून एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी चाळीस प्रतींची मागणी तूर्त थांबवली आहे. याचा दोष मी आपल्याला देत नाही, पण तो अभिप्राय पुस्तक हाती पडल्यानंतर तासाभरात लिहिलेला आहे, हे आपणही पाहावे.

पुस्तक परत आले, तेव्हा मी ते नीट पाहिले. मॅट कागदावरच्या भरीव काळ्यावर बोट लागले, की ठसा राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या पानावर लहान मुलाच्या बोटाचे ठसे आहेत, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर उजवीकडे, एकेका पायरीवर एकेक, आणि जिथे वाट वळते, तिथे ठसेही वळले आहेत. पायऱ्या कशा शोधायच्या, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या भागात अशा पानांआधी ‘पान उजेडात तिरके धरून पाहा’ अशी ओळ घालण्याचा विचार आहे. बांधणीत आणि पाठवणीतही सुधारणा करू, किमतीचेही पाहू. परत आलेली ती प्रत आम्ही विकायला ठेवलेली नाही. आपल्या चिरंजीवांना ती हवी असेल, तर कळवावे. पैसे नकोत, या वेळी पिनकोड दोनदा तपासून, पुठ्ठ्यात घालून पाठवीन.

आपली नम्र,
लेखिका व प्रकाशक, छत्रपती संभाजीनगर