पानावर लिहिलेलं नाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बिग बँडच्या, म्हणजे पंधरा-सोळा वादकांच्या जॅझ ताफ्याच्या, रचनांमागच्या प्रेरणांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, तरी तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचा राग गाणं जीव लावून ऐकणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर आटोपणं मला बरं वाटेना. तुमचं म्हणणं असं : पंधरा-सोळा माणसं समोर कागद ठेवून नेमून दिलेले स्वर वाजवतात, त्यात स्फूर्ती कसली? आगगाडी, पक्षी, शहर ही नावं मागाहून चिकटवलेली. दुसऱ्याची चाल घेऊन तिची अरेंजमेंट, म्हणजे बँडसाठी वाद्यवार मांडणी, करणं ही कारागिरी, निर्मिती नव्हे. आणि सवाईच्या मांडवात रात्री जागवलेल्या पुणेकराला हे कौतुक कशाला?

नावांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचा संशय रास्त आहे. अमेरिकन जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनचा बँड १९६३ साली मध्यपूर्व आणि भारताच्या दौऱ्यावर आला. त्या प्रवासातून 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामाला झाली आणि १९६६च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली सगळ्यात गाजलेली रचना 'इस्फहान'. इराणातल्या शहराचं नाव, ऐकताना निळे घुमट डोळ्यांपुढे येतात वगैरे पुष्कळांनी लिहिलंय. पण एलिंग्टनचा सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यानं ती दौऱ्याला निघण्याआधीच लिहिली होती आणि तेव्हा तिचं नाव होतं 'एल्फ'. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच झालं, नाव नंतर आलं.

मग तिची प्रेरणा कोणती? माझ्या मते एलिंग्टनच्या बँडमधला जॉनी हॉजेस. त्याचा आल्टो सॅक्सोफोन एका स्वरावरून दुसऱ्यावर असा घरंगळत उतरतो की मींडेवर कान तयार झालेल्या माणसानं मान डोलवावी. ती चाल त्या उतरण्यासाठीच लिहिली आहे. दुसऱ्या कुणी वाजवली तर स्वर सगळे बरोबर येतात, रचना मात्र अर्धी राहते.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. एलिंग्टनची हस्तलिखितं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवली आहेत. वादकांसमोर ठेवायच्या सुट्या पानांवर एरवी 'पहिला आल्टो', 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहायची पद्धत. एलिंग्टनच्या पानांवर माणसांची नावं असतात, कधी टोपणनावंही. हॉजेसच्या पानावर 'रॅब', कारण बँडमध्ये त्याला रॅबिट म्हणत. तुम्हाला खटकणारा कागद तो हाच. लिहिणाऱ्याला समोर कुणाचा श्वास ऐकू येत होता, याची ती नोंद आहे.

जवळून बघायचं तर १९४०ची 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' घ्या. तीन-सव्वातीन मिनिटांची, कूटी विल्यम्स या ट्रम्पेटवाल्यासाठी लिहिलेली. कूटीचं खास हत्यार म्हणजे बेसिन तुंबलं की आपण वापरतो तो रबरी कप, दांडी काढलेला. तो ट्रम्पेटच्या तोंडाशी धरून डाव्या हातानं उघडझाप करायची, त्यात घशातून गुरगुरायचं, की बाजा बोलायला लागतो. एलिंग्टननं एक छोटा स्वरसमूह घेतला आणि तोच कूटीच्या वेगवेगळ्या आवाजांतून फिरवला. आधी दबलेला, नाकातला आवाज, मग गुरगुर, आणि मधल्या भागात कप बाजूला ठेवून खुला, भरघोस सूर. तिथे स्वरपट्टीही बदलते आणि खिडकी उघडल्यासारखं होतं. मागचे सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन त्याच्या प्रत्येक वाक्याला हुंकार देतात. हे सगळं कागदावर आहे आणि त्यातला प्रत्येक निर्णय कूटीच्या ओठांकडे बघून घेतलेला आहे. त्याच वर्षी कूटी बँड सोडून गेला. त्या चालीवर पुढे शब्द बसवून गाणं झालं, तेही छान आहे, पण ती वेगळी चीज.

यात आपल्याला परकं काय आहे? भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली 'स्वयंवर'च्या चाली दिल्या, तेव्हा बालगंधर्वांचा गळा त्यांच्यासमोर होताच. तालीमच त्यांनी दिलेली. त्या चाली आणि तो गळा वेगळे काढता येतात का, हे माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं सांगाल.

अरेंजमेंटचं उत्तरही त्याच घरात आहे. १८८०मध्ये याच पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा पहिला चरण छापलेला असतो. चाल कुठून घेतली ते उघड सांगून त्या मंडळींनी नवं उभं केलं, आणि आपण त्याला उसनं म्हणत नाही. कोणत्या प्रसंगात, कुणाच्या तोंडी, कोणत्या लयीत ती बसवली यात त्यांची प्रतिभा आपल्याला दिसते. अरेंजर नेमकं हेच करतो. फक्त त्याच्या हाताशी चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि ऱ्हिदम, म्हणजे पियानो, बास, ड्रम्स वगैरे, असतं.

पण सगळीच नावं मागाहून चिकटवलेली नसतात, एवढं मात्र ठासून म्हणेन. त्याच 'फार ईस्ट स्वीट'मध्ये दिल्लीच्या पक्ष्यावर एक रचना आहे. स्ट्रेहॉर्नच्या खोलीबाहेर एक मैना बोलायची. तिची लकेर त्यानं उचलली आणि जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटला दिली. ती लकेर काढली तर मागे रचना उरत नाही. जपानी पियानोवादक आणि बँडप्रमुख तोशिको आकियोशीच्या 'कोगुन'मध्ये (१९७४) तर प्रेरणेनं बँडचा घाटच बदलला. महायुद्ध संपल्याचं न मानता फिलिपिन्सच्या जंगलात जवळजवळ तीस वर्षं लपून राहिलेला जपानी सैनिक हिरो ओनोदा त्या वर्षी बाहेर आला. ते ऐकून आकियोशीनं जॅझ बँडमध्ये जपानच्या पारंपरिक नोह नाट्यातली गायकी आणि त्सुझुमी हे हातानं वाजवायचं तालवाद्य आणलं. विषय मनात नसता तर तो आवाज बँडमध्ये आलाच नसता.

तुमची एक तक्रार मात्र मला खोडून काढता येत नाही आणि काढायचीही नाही. जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांत एकट्या वादकाच्या वाट्याला आठ-सोळा बार, म्हणजे बहुधा चार-चार मात्रांचे तेवढेच तुकडे, येतात. तासभर विलंबित ऐकणाऱ्याला हे तोकडं वाटणारच. मलाही वाटतं. पण सगळेच बँड कागदावर चालत नव्हते. एलिंग्टनच्याच काळातला दुसरा बँडप्रमुख काउंट बेसी, त्याच्या मंडळींची 'वन ओक्लॉक जम्प' आधी वाजवता वाजवता तोंडपाठ झाली. कुणीतरी एक तुकडा काढायचा, शेजारच्यानं त्यावर दुसरा बसवायचा, अशी.

पुणेकरानं हे का ऐकावं, याचं एक उत्तर दरवर्षी लक्ष्मी रोडवरून जातं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ब्रास बँड एखादं भावगीत वाजवतो, तेव्हा गायिकेची ओळ क्लॅरिनेटला गेलेली असते आणि तबल्याचं काम साइड ड्रमनं उचललेलं असतं. कुणीतरी बसून ते ठरवलेलं असतं. त्या माणसाचं नाव कुठे छापून येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसरं उत्तर पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांत त्यांच्या सोबतीला ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते. ती गाणी तुमच्या घरीही वाजली असतील.

आता एक विनंती. डॉन एलिस या ट्रम्पेटवादकानं लॉस एंजेलिसमध्ये रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडे आपल्या तालांचा अभ्यास केला आणि १९६६च्या मॉन्टेरे जॅझ महोत्सवात आपल्या बिग बँडकडून १९ मात्रांची एक रचना वाजवून घेतली. तिचं नाव म्हणजे नुसती खंडांची मांडणी आहे : ३३ २२२ १ २२२. तुम्ही झपताल-धमारात मुरलेले आहात. हाताला टाळी धरून ती ऐका. मधली ती एकटी मात्रा मला दर वेळी किंचित धक्का देते. तुम्हाला ती तालाच्या चलनात बसलेली वाटते की बळंच घातलेली, ते इथेच खाली लिहा.